साडीतली नीळ

साहेबरावांनी अल्बमचं पान दारातल्या उजेडात धरलं, तिरपं केलं, पुन्हा सरळ केलं. पानावर प्रियदर्शनी पांढऱ्या साडीत हात जोडून उभी होती. शेजारी पांढऱ्या कुडत्यातला नवरदेव, मागे बुद्धमूर्ती. साहेबरावांना साडी पांढरीच दिसत होती. समोर बसलेल्या तिच्या बापाला, आनंदराजला, ती तशी दिसत नव्हती. त्यानं एकदा साहेबरावांच्या अंगातल्या सदऱ्याकडे पाहिलं, मग पानाकडे.

"नीळ जास्त पडल्यावानी दिसायलीय," तो म्हणाला. "पोरीचं तोंड बी आजारी माणसावानी. अल्बम सासरी न्यायला तयार न्हाई ती."

या हंगामात परत आलेला हा तिसरा अल्बम. आधीचे दोघं बिल कमी करून घ्यायला कुरकुरतात, अशी साहेबरावांनी मनाची समजूत घातली होती. पण आनंदराज शाळेपासूनचा मित्र, उगाच खोड काढणारा माणूस नव्हे. साहेबरावांनी लॅबला दोष दिला, मग कागदाला. आनंदराज हसला, "नाचता येईना अंगण वाकडं" म्हणाला आणि उठला. बुद्ध पौर्णिमेला व्याही येणार होते, तोवर अल्बम नीट करून दे, एवढंच त्याचं मागणं.

रेणापूर तालुक्यात बौद्धांचं लग्न म्हटलं की फोटोला साहेबराव, हे वर्षानुवर्षं ठरलेलं होतं. इतर लग्नांत शालू असतो, हळद असते, रंगांच्या गर्दीत फोटोवाल्याची चूक खपून जाते. पांढऱ्याशेजारी पांढरं उभं राहिलं की लपायला जागा नसते. त्या पांढऱ्यावरच त्यांनी नाव कमावलं होतं. साहेबरावांची नजर, असं लोक कौतुकानं म्हणत. आनंदराजचा अल्बम पुन्हा बिघडला, तर विहारात येणारं प्रत्येक घर दुसरा फोटोवाला बघणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

त्यांनी लातूरच्या लॅबमधल्या मडिवाळप्पाला फोन लावला. अल्बम तोच छापायचा. फायली निळ्याच येतात, तुम्हाला सांगावं की नको अशा विचारात होतो, असं तो अवघडून म्हणाला. तुमचा मॉनिटर जुना झाला, पिवळा दाखवत असणार, म्हणून तुम्ही वरून निळा ओतता, हे त्याचं निदान. उपाय म्हणजे रंग मोजायचं यंत्र. ते पडद्यावर टेकवायचं, ते स्वतःच्या डोळ्यानं पाहतं आणि पांढरं म्हणजे नेमकं काय हे कॉम्प्युटरला शिकवतं.

साहेबराव आधीच थकले होते. रीळ गेलं, डिजिटल आलं, घरोघरी मोबाइल आले. दर वेळी नव्यानं पहिलीत बसायचं. आता त्यात हे. मोठ्या यंत्राची किंमत ऐकूनच त्यांनी तो नाद सोडला. एक छोटं नवं यंत्र परवडण्यासारखं होतं. आणि नांदेडचा एक ओळखीचा स्टुडिओवाला धंदा बंद करत होता, तो आपलं जुनं यंत्र जवळजवळ फुकटच देत होता. फुकट ते पौष्टिक, म्हणत साहेबराव तिकडेच झुकले होते. पण मडिवाळप्पानं अडवलं.

"जुनं घेऊ नका मामा. त्याच्या आत रंगाच्या काचा असतात बघा, त्या वयानं पिवळ्या पडतात. मग ते खोटं मोजतंय. अन् त्याला बिचाऱ्याला ते कळत बी न्हाई."

म्हणून छोटं नवं मागवलं. आलं ते तळहाताएवढं होतं. साहेबरावांनी ते वायरीनं पडद्यावर लटकवलं आणि हनुवटीखाली हात घेऊन बसले. यंत्राखालून लाल, हिरवे, निळे चौकोन सरकत गेले, मग करड्या रंगाच्या छटा. शेवटी आधीचं आणि नंतरचं असे दोन पडदे शेजारी दिसले. दोन्हींत फरक नसल्यातच जमा होता; यंत्राच्या हिशेबानं मॉनिटर आधीपासून ठीकच होता.

त्यांनी प्रियदर्शनीचा मूळ फोटो उघडला, हात न लावलेला. साडी हळदीच्या पाण्यातून काढल्यासारखी पिवळी होती. पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. स्वस्तातलं घेतलं की असं होतं, असं पुटपुटत त्यांनी यंत्र खोक्यात भरलं. परत पाठवायचं तर चिकटपट्टी हवी होती, म्हणून बायकोला हाक मारली.

धुरपता ओले हात पदराला पुसत आली. चिकटपट्टी द्यायच्या आधी तिची नजर पडद्यावर गेली.

"काय शोभली पोरगी," ती म्हणाली. "साडी कशी पांढरीधोट हाय."

"पिवळी न्हाई दिसत?"

"पिवळी? कुठं?"

साहेबरावांनी छापायला पाठवलेला फोटो उघडला. त्यांना ही साडी पांढरी दिसत होती. धुरपतानं मान हलवली आणि हीच निळी झालेली आनंदराज भावजींनी परत आणली ना, असं विचारलं.

त्यांनी एक डोळा हातानं झाकला, मग दुसरा. भिंतीकडे पाहिलं, चहाच्या कपाकडे पाहिलं; दोन्ही पिवळसरच. मग आपल्या सदऱ्याची बाही तिच्यासमोर धरली.

"हा कोणता रंग हाय?"

धुरपतानं बाही बोटांत धरून पाहिली.

"निळसर. तुम्ही दर धुण्याला म्हणता पिवळा राहिला, म्हणून मी नीळ वाढवत गेले."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमच्या नजरंपुढं मी काय बोलू?"

साहेबरावांना वाईट वाटलं, स्वतःसाठी कमी, तिच्यासाठी जास्त. दोन वर्षं ती बिचारी बादलीत नीळ ओतत होती आणि ते तिच्यावरच डाफरत होते. विहारात सगळ्यांसमोर ते त्याच सदऱ्यात उभे राहत होते. त्यांनी यंत्र पुन्हा खोक्याबाहेर काढलं, फडक्यानं पुसलं आणि मॉनिटरशेजारी ठेवलं. मग खुर्चीतून उठले.

"बस इथं."

त्यातलं आपल्याला काय येतंय, असं ती म्हणत होती. तरी त्यांनी तिला बसवलं.

"पांढरं कुठं झालं तेवढं सांग. बाकीचं मी करतो."

शेजारी उभं राहून त्यांनी माऊस हातात घेतला आणि छापायला पाठवलेल्या फोटोतली निळाई हळूहळू कमी करू लागले. साडी त्यांच्या डोळ्यांसमोर पिवळी होत गेली. अजून, धुरपता म्हणाली. अजून थोडं. मग तिनं त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"बस. आता पांढरी झाली."

साहेबरावांनी एकदा त्या पिवळ्या साडीकडे पाहिलं आणि फोटो तसाच सेव्ह केला.