उरलेली अठरा पानं

साहेब, तुम्ही एका बाईला उपाशी ठेवलंय, आणि तुम्हाला त्याची खबरही नाही.

तुमचं नाव मी घेत नाही. घेतलं तर तुमची माणसं म्हणतील, बाईनं बदनामी केली. तुमचं तुम्हाला कळेल. मी तुमच्याकडे एक दुपार मागितली तेव्हा तुम्ही म्हणालात, "जे काय असेल ते लेखी दे." हे घ्या लेखी. मी शाळेत एक दिवसही बसलेली नाही. धाकटा दीर पाटीवर गिरवायचा, मी समोर बसून शेंगा फोडायची, आणि समोरून दिसतील तशी अक्षरं उचलायची. म्हणजे मी आधी उलटं वाचायला शिकले, सुलटं मागाहून. तेव्हा चुका निघतील. त्या काढा. तेवढं काम तुम्हाला छान जमतं.

पहिली चूक माझी आहे, ती आधी सांगते.

आमच्या गावात श्रावणाचा महिनाभर पोथी लागते. दुपारची भांडी झाली की बायका धनुमायच्या ओसरीवर जमतात. धनुबाई माझी चुलत सासू, सगळं गाव तिला धनुमाय म्हणतं. पोथी वाचणारे महाराज गेल्या माघात वारले. गावात वाचता येणारी बाई मी एकटी. धनुमाय म्हणाली, "सिंधू, यंदा तू वाच."

पहिल्या दिवशी चौरंग मांडला, कलश ठेवला, उदबत्ती लावली. पोथी उघडायच्या आधीच धनुमायनं तळहातावर पाणी घेतलं आणि संकल्प सोडला. तिचा एकुलता एक भटू लढाईवर गेलाय, मिसर देशात, लष्कराची मोटार चालवायला. होळीनंतर त्याचं पत्र नाही. तो सुखरूप यावा म्हणून रोज पोथी ऐकल्यावर एकदाच जेवीन, पोथी लागली ती पूर्ण ऐकीन, असं ती बोलली आणि पाणी ताम्हनात सोडलं.

मग मी पोथीचं फडकं सोडलं. आत वाळवीनं काही ठेवलं नव्हतं. माती आणि दोन कडा.

समोर वीस बायका हात जोडून बसलेल्या. संकल्पाचं पाणी सोडून झालेलं. माझ्या पिशवीत शाळेतल्या पेटीतलं एक पुस्तक होतं. ती शाळाखात्याची, म्हणजे तुमचीच, फिरती पेटी. महिनाभर एका गावात ठेवायची, मग पुढच्या गावाला. जाड ज्ञानाची पुस्तकं तालुक्याला ठेवून घेता आणि खेड्यांना पाठवता पोरांच्या गोष्टी आणि भुताच्या कादंबऱ्या. झिपरू मास्तर म्हणाले होते, "पोरं हात लावत नाहीत, तू वाच बाई." मी पुस्तक फडक्यात ठेवलं, हळदकुंकू वाहिलं आणि वाचायला लागले.

ती एका भावाबहिणीची गोष्ट होती. दोघं बैलगाडी घेऊन चोराच्या मागावर निघतात. अर्धा अध्याय झाला आणि फुलीबाईनं विचारलं, "हाई कोनता देव शे वं?"

फुलीबाई आमच्या शेजारची, तिला सगळं लवकर कळतं. ती म्हणाली, "देव नही दिसत. पन बैल ते चांगला शेतस."

धनुमाय म्हणाली, "छापेल शे ना? मंग सरस्वती शे. वाच."

मी तिथं थांबायला हवं होतं. नाही थांबले. संकल्प गोष्टीच्या पुस्तकावर बसला, आणि बसवला मी.

मग महिनाभर आमच्या ओसरीवर काय चाललं होतं ते तुमच्याकडे ज्यानं तक्रार केली त्यानं सांगितलं नसेल. पोरांच्या गोष्टी चार झाल्या, भुताच्या दोन. अध्याय संपला की घंटा, आणि मूठभर फुटाणे. भुताचा अध्याय असला तरी घंटा. सुरी घेऊन माणूस दाराआड उभा राहिला की बायका हात जोडायच्या. फुलीबाई कडब्याच्या खोलीत एकटी जाईना. नवऱ्याला म्हणायची, "तुमी पुढे व्हा. भूतनं तोंड तुमनासारखं ऱ्हाई ते माले वळखता येई." ज्या बायका पोथीच्या दुसऱ्या ओवीला डुलक्या घ्यायच्या, त्या अंग धुऊन माझ्या आधी येऊन बसायच्या. धनुमाय ऐकायची आणि ऐकून झालं की भाकरीचा घास तोडायची.

सातवी कादंबरी तळघराची. एका वाड्यातला एकुलता पोरगा बेपत्ता होतो. चुलता म्हणतो, नदीत बुडाला. आई मानत नाही. जमिनीखालून ठोकल्याचा आवाज येतो. कुणी म्हणतं पोरगा आहे, कुणी म्हणतं पोराचं भूत आहे.

दुसऱ्या दिवसापासून धनुमाय पुढे सरकून बसायला लागली. तिसऱ्या दिवशी तिनं मला थांबवलं. "तो बी एकलाच शे ना मायले?"

"हां धनुमाय."

"आनि पत्तर नही."

"पुस्तकात पत्राचं काही नाही."

"नहीच शे ते," ती म्हणाली. "आलं ऱ्हातं ते लिखं नसतं का? वाच."

तेव्हा मला भीती वाटली. पुस्तकातल्या चोराची नाही, भुताची नाही, पुढच्या पानाची. मी घरी पुढचं वाचून ठेवायला बसले आणि मिटून ठेवलं. आधी वाचलं तर माझ्या तोंडावर दिसेल, आणि धनुमाय तोंड वाचते. अमावास्येला, पोळ्याच्या दिवशी, समाप्ती व्हावी म्हणून मी उरलेली पानं मोजून रोजचा वाटा ठरवला होता. द्वादशीचा वाटा वाचून झाला की अठरा पानं राहणार होती.

त्या दिवशी आई तळघराच्या दगडाशी येते. ठोकणं थांबलेलं असतं. ती पहार लावते. दगड सरकतो. मी वाचलं, "फटीतून एक हात बाहेर आला. आईने तो धरला. हात थंड होता."

आणि तुम्ही बूट घालून ओसरीवर चढलात.

तुमच्या मागे चपराशी, त्याच्यामागे झिपरू मास्तर, मान खाली. तुम्ही चौरंगावरून पुस्तक उचललंत. त्यावरचं कुंकू तुमच्या बोटाला लागलं, ते तुम्ही रुमालाला पुसलंत. "देवाच्या जागी भुताचं पुस्तक? तक्रार खरी आहे तर. पेटी शाळेच्या मुलांसाठी आहे. ही बाई कोण? हिच्या नावावर पुस्तक कसं?"

मी बोलले. "साहेब, अठरा पानं राहिलीत. एक दुपार द्या. उद्या मी स्वतः शाळेत आणून देते."

"नियम आहे."

"ह्या बाईनं संकल्प केलाय. पूर्ण झाल्याशिवाय ती जेवणार नाही."

"असल्या पुस्तकांनी हेच होतं," तुम्ही म्हणालात. "बायकांची डोकी बिघडतात." मग ते लेखी द्यायचं सांगितलंत आणि पेटी टांग्यात घालून गेलात. महिना भरायला तीन दिवस होते. नियम तुमचाच ना महिन्याचा?

त्या संध्याकाळी सुनेनं ताट वाढलं. धनुमायनं सरकवून दिलं. "अध्याय अर्धा शे. माले जेवनं नही शे."

दुसऱ्या दिवशीही नाही. पाणी घ्यायची, त्यात कधी गुळाचा खडा. पोळ्याला बैल सजले, दारोदार पुरणाचा वास सुटला, ती भिंतीला टेकून बसून राहिली. फुलीबाई जवळ बसून म्हणाली, "माय, तो पुस्तकमाना पोऱ्या शे. भटू नही शे."

धनुमाय म्हणाली, "माले माहीत नही का? मी येडी शे का?" मग म्हणाली, "पन पानी मी त्याच पोथीवर सोडेल शे."

चौथ्या दिवशी मी दिराची कोरी वही घेतली, गोठ्यात जाऊन बसले आणि अठरा पानं लिहिली. आयुष्यात पहिल्यांदा पत्राखेरीज काही लिहिलं. पोरगा जिवंत ठेवला. हात थंड होता कारण तळघरात ओल होती. आईनं त्याला बाहेर ओढलं, चुलत्याला लोकांनी धरलं, पोरानं दूधभाकरी खाल्ली. वही फडक्यात गुंडाळून चौरंगावर ठेवली. बायकांना बोलावलं. उदबत्ती लावली आणि वाचलं. फुलीबाई रडली. दोघी-तिघींनी टाळ्या वाजवल्या. मी घंटा वाजवली.

धनुमायनं नमस्कार केला नाही. सगळ्या गेल्यावर ती म्हणाली, "हाई तू लिखेल शे."

"नाही धनुमाय."

"पोथी वाचस तवय तू अडखळस. जोड अक्षर उनं का थांबस, घसा खाकरस. आज एक ठिकाने बी नही थांबनी."

मी वही मिटून पदराखाली घेतली.

"तुले वाटस तो जित्ता निंघाले पाहिजे. माले बी वाटस. आपलं वाटनं म्हंजे पोथी नही." तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, त्या हाताला वजन नव्हतं. "मरना व्हई ते मरना सांग. मी ऐकसू. पन तठे जे छापेल शे ते सांग."

सहाव्या दिवशी आमच्या गावच्या नवलसिंगदादांची गाडी शहाद्याला सरकीच्या ढेपीसाठी निघाली होती, तीत बसले. तुमच्या कचेरीत आले. तुम्ही नव्हतात. कारकून म्हणाला, पेटी अक्कलकुव्याच्या बाजूला गेली.

"मी अक्कलकुव्याला जाईन," मी म्हटलं. "पुस्तक पेटीत आहे एवढं बघून सांगा."

त्यानं टेबलावर वही उघडली. मी ह्या बाजूला उभी. वही त्याच्याकडे तोंड करून. त्याला वाटलं बाईला काय कळणार. साहेब, मी उलटंच वाचायला शिकलेली बाई आहे. पेटीतल्या पुस्तकांच्या ओळीत त्या कादंबरीपुढे लिहिलं होतं, "स्वतःच्या वाचनासाठी नेले," आणि खाली तुमची सही. तारीख द्वादशीचीच.

मी ती ओळ मोठ्यानं वाचली. कारकुनानं वही मिटली आणि म्हणाला, "बाई, तुम्ही जा."

मी तुमच्या बंगल्यावर गेले. दारावरच्या माणसानं आत जाऊन विचारलं आणि बाहेर येऊन सांगितलं, "साहेब जेवायला बसलेत." मी ऊन उतरेपर्यंत बाहेर निंबाखाली बसले. मग तोच येऊन म्हणाला, साहेब झोपलेत. गाडी परत निघायची होती. मी गेले.

तर तुम्ही ते वाचलंत. वीस बायकांची डोकी बिघडतील म्हणून हिसकावून नेलेलं पुस्तक तुम्ही टांग्यात बसून किंवा पलंगावर पडून वाचलंत, आणि तुमचं डोकं शाबूत राहिलं. मला त्याचा हेवा नाही. माणसानं वाचावं. मी पण वाचलं असतं. पण तुम्ही वाचून मिटलंत, तुम्हाला झोप लागली, आणि चार कोसांवर एक बाई त्याच पानावर थांबलेली आहे, जिथं तुम्ही तिला थांबवलंत.

आज ऋषिपंचमी. आमच्याकडच्या सगळ्याच बायका आज बैलाच्या कष्टाचं खात नाहीत. पण त्या उद्या भाकर खातील. धनुमायचा आज आठवा दिवस. सकाळी तिला उठवून बसवलं तर मान धरवत नव्हती. वैद्य म्हणाले, घास गेला नाही तर दोन दिवस, फार तर तीन. सून तोंडात पेज घालायला गेली तर तिनं दात मिटून घेतले. मला मात्र हातानं जवळ बोलावलं आणि विचारलं, "सायबनं सांगं का?"

मी काय सांगू? मी खोटं लिहून बघितलं, ते तिनं ओळखलं. आता ती माझं काही मानणार नाही. तुमचं मानेल. तुम्ही छापील पान पाहिलंय.

माझ्यावर काय कारवाई करायची ती करा. पेटी आमच्या गावाला परत देऊ नका हवं तर. मास्तरांना बोल लावू नका, ते घाबरट आहेत पण त्यांनी पुस्तक दिलं होतं. ते पुस्तकही ठेवा तुम्ही, मला आता अठरा पानंसुद्धा नकोत. एक उत्तर पाहिजे.

हा कागद घेऊन नवलसिंगदादा तुमच्या दाराशी उभे आहेत. त्यांना वाचता येत नाही, तेव्हा लिहून देऊ नका, तोंडी सांगा. लेखी आणा म्हणू नका. जेवायला बसलात तर ताटावरून सांगा, झोपलात तर उठून सांगा. ते उभे राहतील, मी त्यांना तसं बजावलंय. तळघरातून बाहेर आलेला तो हात जित्या पोराचा होता, का मेलेल्या?