हळू चालणारी मेंढी

समीक्षाला दोन गोष्टींचा मनापासून राग होता. एक म्हणजे रस्त्याच्या मधोमध रमतगमत चालणारी माणसं, आणि दुसरी त्या गेममधली मेंढी.

माणसांचं एक वेळ ठीक, स्कूटीचा हॉर्न वाजवला की बाजूला होतात. मेंढीला हॉर्नही नव्हता. कंपनीतल्या मैत्रिणीकडून समीक्षाने टीव्हीला जोडायचा जुना गेमचा डबा आणला होता आणि त्याबरोबर एक डोंगराळ मुलखातला गेम आला होता. त्यात सुरुवातीला एक म्हातारी त्या मुलखाची गोष्ट सांगत बसते. ती काही केल्या पुढे ढकलता येत नाही. भाकरी थापून होतात, भांडी घासून होतात, म्हातारी आपली बोलतेच आहे. ती एकदाची थांबली की पहिलं काम मिळतं ते मेंढीचं. एक मेंढी डोंगर ओलांडून गावाच्या वेशीवर व्यापाऱ्याकडे पोचवायची. मेंढी आपल्या चालीने चालते. आपण पुढे पळालो की थांबते, गवत दिसलं की थांबते, ढग गडगडले की उलटी फिरते. जगभरच्या लोकांनी इंटरनेटवर त्या मेंढीला शिव्या घातल्या होत्या. समीक्षानेही आपला एक तारा देऊन लिहिलं होतं, 'आधी ही मेंढी काढा, मग बाकीचं बोलू.'

तिचा स्वभावच घाईचा. सकाळी स्वयंपाक, मग कुपवाडच्या कारखान्यात पहिली पाळी, दुपारी घर. नवरा मल्हार लेथ मशीनवर कामाला, तो संध्याकाळी यायचा. घरात सासू सुलाबाई, आणि बाहेरच्या खोलीत कॉटवर सासरे, धुळा मामा.

मामांचा जन्म जतकडच्या माळावर मेंढरांमागे गेला. कधी घाटाखाली, कधी ऊसवाल्यांच्या मोकळ्या रानात, पायाला थांबा म्हणून नाही. गेल्या वर्षी ओढ्यात घसरून खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, कळप विकला, आणि मल्हारने आईबापांना कुपवाडला आणलं. हाड जुळलं, पण मामा उठेनात. वॉकर कोपऱ्यात उभा, त्यावर सुलाबाईंचं लुगडं वाळायचं. डॉक्टरांनी मल्हारला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, "या महिन्यात पायावर उभे राहिले तर राहिले. नाहीतर कायमचे अंथरुणात. औषधाचं काम संपलंय, आता त्यांच्या मनाचं आहे." त्या मनात काय होतं ते कुणाला कळत नव्हतं. मामा हूं की चूं करत नव्हते.

आणि एके दुपारी, समीक्षा मेंढीवर दात-ओठ खात असताना, कॉटवरून आवाज आला.

"फुडं काय पळतीयास? मागं ऱ्हा की."

समीक्षाला आधी वाटलं टीव्हीच बोलला. तिने वळून पाहिलं. मामा कोपरावर उठून पडद्याकडे बघत होते.

"फुडं पळालीस तर ती कशाला चालंल? ती चालणार आन् आपुन मागनं जायाचं. तिच्या चालीनं."

समीक्षा मागे राहिली. मेंढी चालू लागली. आतून पीठ मळत्या हातांनी सुलाबाई आल्या, नवऱ्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आवं, बायकूशी बोलाया त्वांड न्हाई आन् टीव्हीतल्या मेंढराला हाय व्हय!" पण पदराला पीठ लागलं तरी त्यांनी डोळे पुसले.

दुसऱ्या दिवसापासून रिमोट मामांच्या हातात. मामा काही लगेच पटाईत झाले नाहीत. त्यांचे जाडजूड अंगठे एका वेळी दोन बटणं दाबायचे. मेंढी सुखरूप असायची, राखणारा गडी मात्र सारखा ओढ्यात पडायचा. मामा स्वतःशीच खुदकन हसायचे. मेंढीचा एक कान काळा होता म्हणून तिचं नाव काळकानी ठेवलं. ती चरायला थांबली की मामाही थांबायचे, आणि कॉटच्या कडेला पाय सोडून बसायचे. हे बसणंही नवीनच होतं. जी गोष्ट लोकांना नको नको झाली होती, तीच मामांना हवी होती. कुठे पोचायची घाई नाही, समोर एक मेंढरू, आणि ते सावकाश चाललंय. समीक्षा पाळीवरून आली की विचारायची, "मामा, आज कुठवर?" मामा म्हणायचे, "त्या लिंबापतूर. ग्वाड गवात हाय तितं." तो लिंब नव्हता, कुठल्या तरी परदेशातलं झाड होतं. पण मामांनी लिंब म्हटल्यावर तो लिंबच.

फक्त एक गोष्ट समीक्षाच्या ध्यानात आली. वेशीजवळचा पूल आला की मामा परत फिरायचे. पुलापलीकडे व्यापाऱ्याचं फाटक दिसायचं. तिथवर जायचं, थोडं थांबायचं आणि काळकानीला घेऊन मागे, पडक्या झोपडीपाशी. रोज तेच. तिला वाटलं, त्या पुलावर मामा अडकतात. अरुंद आहे, अंगठे जाड आहेत, लाजेपोटी सांगत नसतील.

मग तिने ते केलं जे तिच्यासारखी घाईची माणसं मायेपोटी करतात. सकाळी पाळीला जाण्याआधी, मामा झोपलेले असताना, टीव्हीचा आवाज बंद करून ती बसली, मेंढीला पुलावरून नेलं आणि व्यापाऱ्याच्या हवाली केलं. फाटक बंद झालं. बक्षीस म्हणून घोडा मिळाला, वाऱ्यासारखा पळणारा. आता पायपीट संपली. ती खुशीत स्कूटीवर बसली. दिवसभर तिला मामांचा चेहरा डोळ्यांसमोर येत होता.

दुपारी आल्या आल्या तिने टीव्ही लावला. "मामा, बघा तर! घोडा मिळाला तुम्हाला."

मामांनी पडदा निरखून पाहिला. "मेंढरू कुटं हाय?"

"ते पोचवलं. काम झालं."

"कुणी?"

"मी. सकाळी."

मामांनी रिमोट उशाशी ठेवला. रागावले असते तर बरं झालं असतं. "भंडारा बी लावला न्हाई," एवढंच म्हणाले, पाय वर घेतले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. रात्रीचं जेवण तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशीचंही.

समीक्षाने स्वयंपाकघरात सासूला गाठलं. सुलाबाई लसूण सोलता सोलता सांगू लागल्या.

"आमच्या घरात एक रीत हाय, पोरी. कळपातलं जनावर दुसऱ्याच्या दावणीला जायाचं झालं, तर धन्यानं त्येच्या कपाळाला बिरोबाचा भंडारा लावायचा आन् शिवंपतूर संगं चालत जायाचं. मग मागं बघायचं न्हाई. असं केलं की त्ये बी सुखानं जातं आन् आपला बी जीव ऱ्हातो. ह्यो दवाखान्यात पडला तवा मल्हारनं कळप इकला. मी तितं ह्येच्या उशाला. पोरगा एकटा. टेम्पो आला, भरली मेंढरं, गेली. भंडारा न्हाई, काय न्हाई. तवापास्नं ह्यो गप हाय."

"आणि मी पण तेच केलं," समीक्षा म्हणाली. तिला रडूच फुटलं.

"तुला काय ठावं हुतं, येडे."

तिने गेम मागे नेऊन पाहिला. जाईना. त्या गेममध्ये मागे फिरायची सोयच नव्हती, झालं ते झालं, आणि त्यावरूनही लोकांनी शिव्या घातल्या होत्या. आता एकच मार्ग. पहिल्यापासून सुरू करायचं. म्हणजे पुन्हा ती म्हातारी.

सुट्टीच्या दिवशी सकाळीच समीक्षाने टीव्ही लावला. मल्हार घरी होता. सुलाबाई ज्वारी निवडायला घेऊन बसल्या. मामा भिंतीकडेच तोंड करून. म्हातारीने सुरुवात केली. दाबायला एकही बटण नाही, उठून जावं तर ती कधी थांबेल त्याचा नेम नाही. बरं, भाषा परकी, त्यामुळे ऐकायलाही काही नाही. चौघं नुसती बसून राहिली. त्या घरात चौघं अशी बिनकामाची एकत्र बसल्याचं समीक्षाला आठवत नव्हतं. कुणी ना कुणी कुठे तरी निघालेलं असायचं, बहुतेक वेळा तीच.

बसून बसून मल्हार अवघडला. बोटं मोडली, खाकरला, आणि पडद्याकडे बघतच बोलू लागला.

"आबा, त्या दिवशी भंडारा लावायचा ऱ्हायला. मला सुचलंच न्हाई. तुमी दवाखान्यात, डोस्कं ठिकाणावर नव्हतं माझं. टेम्पो वळणावर गेला तवा ध्येनात आलं. मागनं पळालो बी. घावला न्हाई."

म्हातारीची गोष्ट चालूच.

"कळप फलटणकडं पोचल्यावर त्या मेंढक्याला फोन केला. म्हटलं, तुमच्या घरचा भंडारा लावा माझ्या बाच्या नावानं."

मामा हळूहळू या कुशीवर वळले. "मेंढक्याला? खाटकाला न्हाई?"

मल्हारने चमकून बापाकडे पाहिलं. "खाटकाला कशाला दीन, आबा? फलटणकडचा मेंढका हाय, आपल्यातलाच. सगळा कळप एकाजागी दिला, फोडला न्हाई. म्हणून तर येळ लागला गिऱ्हाईक बघाया."

"मला कुणी सांगितलं न्हाई."

"तुमी कवा इचारलं?"

कुणी विचारलं नव्हतं आणि कुणी सांगितलं नव्हतं. बाप खाटकाचं नाव ऐकावं लागेल म्हणून गप, आणि लेक बापाला सगळं ठाऊक आहे असं धरून गप. एका घरात इतके महिने! समीक्षा म्हातारीकडे बघत होती. हिला मधेच गप्प करता आलं असतं, तर मल्हार आपल्या वाटेने गेला असता आणि हे बोलणं राहिलंच असतं. तिने मनातल्या मनात म्हातारीला हात जोडले. बोल बाई, म्हणाली, हवं तितकं बोल.

गोष्ट संपली. डोंगर उजळला, आणि वाटेवर ती उभी. मामा उठून बसले.

"तीच हाय का?"

"तीच, मामा. कान बघा."

मामांनी कान बघितला. "व्हय. तीच," म्हणाले आणि हात पुढे केला. समीक्षाने रिमोट दिला.

त्या दिवशी काळकानी आपल्या चालीने निघाली. लिंबाशी चरली, ढग गडगडल्यावर बुजली. गडी एकदा ओढ्यात पडला, तेव्हा सुलाबाईंनी ज्वारीचं सूप बाजूला ठेवून नवऱ्याला शिकवायला सुरुवात केली. जेवणं टीव्हीपुढेच झाली. मामांनी भाकरी मागून घेतली. पूल आला. मामा थांबले, आणि मग पुलावर गेले. ती समजत होती तसं काही नव्हतं, पूल त्यांनी सहज पार केला. फाटकाच्या अलीकडे त्यांनी रिमोट कॉटवर ठेवला. मेंढी थांबली आणि वळून बघू लागली.

"सुले, भंडाऱ्याची पिशवी आण."

सुलाबाईंनी देवळीतली पिशवी आणून हातात दिली. मामांनी चिमूट घेतली. मग एक हात कॉटच्या दांडीवर रोवला आणि उभे राहिले. मल्हार धावणार होता, समीक्षाने त्याचा हात घट्ट धरला. पाय थरथरत होते. भिंतीला धरत, एक पाऊल, मग थांबून दुसरं. कुणी 'सांभाळून' म्हटलं नाही, कुणी घाई केली नाही. मामा टीव्हीपाशी पोचले आणि पडद्यावरच्या काळकानीच्या कपाळाला भंडारा लावला.

"सुखानं जा," म्हणाले. थोडा वेळ तसेच उभे राहिले. ते 'सुखानं जा' एकट्या काळकानीला नव्हतं, हे घरात सगळ्यांनाच कळलं. मल्हार तोंड फिरवून डोळे पुसत होता.

मग मामांनी खाली बघितलं, आपल्या पायांकडे, आणि घाबरून म्हणाले, "आता बसू कसा रं?"

तेव्हा सगळी हसली. मल्हारने बापाला धरलं. सुलाबाई वॉकरवरचं लुगडं ओढून काढत म्हणाल्या, "बसताय कशाला? शिवंपतूर जायाची रीत हाय न्हवं?"

आता रोज दुपारी पाळीवरून आल्यावर समीक्षा स्कूटी लावते आणि मामांना गल्लीत घेऊन जाते. वॉकर टेकत मामा पुढे, ती मागे. कारखान्यांच्या गाड्या हॉर्न वाजवत जातात. मामा कुणाच्या शेळीशी थांबतात, बाभळीखाली थांबतात, ओळखीच्या कुत्र्याशीही दोन शब्द बोलतात. टीव्हीवरचा पिवळा ठिपका अजून तसाच आहे. समीक्षा फडक्याने पडदा पुसते, तेवढी जागा सोडून.

परवा मामा असेच शेळीशी थांबले होते, तेव्हा तिने फोन काढून आपलं जुनं मत खोडलं आणि सगळे तारे दिले. लोक अजून ओरडतच होते, मेंढीला पळवा, म्हातारीला गप्प करा. समीक्षाने लिहिलं, 'मेंढी हळू चालते. तिला तशीच राहू द्या. आमच्या घरावर तिचे फार उपकार आहेत.'

"समीक्षा, कटाळली न्हाईस न्हवं?" पुढून मामांनी विचारलं. ते वळून बघत होते, ती मागे आहे ना म्हणून.

"नाही मामा," ती म्हणाली. "चला तुम्ही. मी आहे मागं."