सोनाबाईंचा चिंचोका

मी सापशिडीचा पट बोलतोय. दुकानातला गुळगुळीत पुठ्ठ्याचा नव्हे, वाढदिवसाच्या जुन्या फ्लेक्सच्या पाठीवर रंगवलेला. मला पसरलं की माझ्याखाली गॉगलवाले कुणी दादा पालथे पडतात. पडोत बापडे, त्यांचा वाढदिवस कधीच होऊन गेला.

मला रंगवलं दहिवलीच्या मेघाने. खेळातून माणसांना शहाणं कसं करायचं, हे ती कॉलेजात शिकते. हसू नका, असंही शिक्षण असतं. आमच्या गावात, लोधिवलीत, भातकापणीच्या दिवसांत कुणाला साप चावला की आधी मंत्र घालणाऱ्या भगताकडे नेत आणि वेळ हातचा जाई. म्हणून माझ्यावर एक दान म्हणजे दहा मिनिटं. सहा दानांत दवाखान्याचं घर गाठायचं. भगताच्या घरात गेलात तर खेळ खलास.

पहिला डाव गावातल्या सोनाबाईंच्या पडवीत मांडला. त्यांची सोंगटी म्हणजे एक चिंचोका. तो जिथे थांबला त्या घरात लिहिलं होतं, 'साप चावला.' सोनाबाईंनी तोंडाला पदर लावला.

"त्याचं नाव घेऊ नये गं. पान लागलं म्हनावं."

तेवढ्यात भगताचं घर वाचून वाल्मिकबाबा ताडकन उठले. गावचे भगत तेच! त्यांच्यामागून बाकीचेही गेले. मला लाकडांवर झाकण म्हणून टाकलं. महिनाभर मी कोंबड्यांची घाण सोसली. राग आला तो मेघाचाच. एवढी शिकली आणि रंगवण्याआधी गावाला विचारलं नाही!

पण पोरगी परत आली. मला धुतलं, ब्रश घेऊन सोनाबाईंपुढे बसली. "काकी, आता तुम्ही सांगा."

"भगताला वाईट कशाला ठरवतेस? गाडीत संगं घ्या की त्याला. मंतर गाडीत बी म्हनता येतो."

मेघाने तस्संच लिहिलं. 'पान लागलं. भगताला गाडीत घ्या, चार घरं पुढे.' वाल्मिकबाबा आधी लांबून बघत, मग खेळायला बसू लागले. हरले की चिडायचेसुद्धा.

कापणीतल्या एका दुपारी डाव अर्धा टाकून सगळे मागच्या शेतात गेले. थोड्याच वेळात सोनाबाईंची सून नम्रता ओरडत आली, "आत्यांना पान लागलं!" भारा उचलताना पायाला डसला होता. त्यांना उचलून अंगणात आणलं आणि सगळे वाल्मिकबाबांकडे बघायला लागले. आता हे मंतरायला राख मागणार!

"माझ्या तोंडाकडं काय बघताय?" बाबा खेकसले. "दानं चाललीत. टेंपो काढा, मी बसतो संगं. पाय हलवू नका तिचा."

टेंपो गेला. मी पडवीत तसाच पसरलेला, सोनाबाईंचा चिंचोका दवाखान्याच्या दोन घरं अलीकडे. तीन दिवस मला कुणी गुंडाळलं नाही. मी लोकांना शिकवणारा म्हणे! मला नुसती भीती वाटत होती.

चौथ्या दिवशी सोनाबाई आल्या. पाय सुजलेला, पण जीभ शाबूत. "वेळेत आनलं म्हनं डॉक्टर. बाबा मात्र वाटेत तीनदा मंतर चुकले."

हुश्श! इतकं हलकं मला धुतल्यावरही वाटलं नव्हतं.

आता माझं मागणं एवढंच. मला कौतुकाने भिंतीवर टांगू नका. कापणीआधी पसरा, खेळा, माझ्यावर काही चुकीचं लिहिलं असेल तर खुशाल खोडा.

हां, एक राहिलंच. पडवीत टेकताच सोनाबाईंनी विचारलं, "माझा चिंचोका कुनी हलवला नाय ना गं?" नम्रताने 'नाही' अशी मान हलवली. तेव्हा त्यांनी तो उचलला आणि दान न टाकताच दवाखान्याच्या घरात ठेवला.

हे नियमात बसत नाही. पण त्या घरात तो नीट बसला.