उघड आहे

घर सर्वांसाठी खुलं होतं, म्हणून त्याला दार ठेवलेलं नव्हतं. पूर्वी एक दार होतं. पण खुल्या घराला दार असणं विसंगत आहे असं ठरलं, आणि ते काढून त्या जागी वीटकाम केलं. भिंतीवर बाहेरून मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं : स्वागत आहे.

आत हेमांगी पारसनीस आणि दाभाडे राहत होते. त्यांच्याबरोबर एक प्रोग्राम होता. मराठी अक्षरं एकमेकांना जोडण्याचं काम तो करायचा. क आणि ष जवळ आले की क्ष, त आणि र जवळ आले की त्र. तो ओपन सोर्स होता, म्हणजे कोणा एकाचा नव्हता. राज्यातल्या प्रत्येक फोनमध्ये, शाळेच्या दाखल्यांत, देवळांच्या पावत्यांत तोच चालायचा, आणि या घरातली माणसं त्याची देखभाल फुकट करायची. एके काळी ती पुष्कळ होती. पण कोणी सोडून गेलं की त्याची खोली त्याच्याबरोबर जायची. शैलाताई लिमये गेल्या तेव्हा उन्हाची खोली गेली. आता एकच खोली उरली होती, आणि प्रोग्राम बिघडू लागला होता. ‘दुसऱ्या’ लिहिलं की ‘दुसर्या’ उमटायचं. र ची ती पापणीसारखी आडवी रेघ कुठे नाहीशी झाली होती, ते दोघांनाही सापडत नव्हतं. दोघंही थकले होते. तिसरं माणूस आत आलं नाही तर घर संपणार आणि प्रोग्रामही संपणार, हे हेमांगीला कळत होतं.

दुपारी भिंतीपलीकडून एका मुलीचा आवाज आला.

“नमस्कार! मी प्रणिता इंगोले, हिंगोलीहून आले. तो बिघडलेला र मी दुरुस्त करून आणलाय. आत कुठून यायचं?”

“उघड आहे,” दाभाडे म्हणाले.

हे म्हटलं की भिंत बोटभर आत सरकायची. दाभाड्यांना सवय होती. त्यांनी खुर्ची बोटभर मागे घेतली.

“उघडं कुठंय सर? घराला दोन चकरा मारल्या मी.”

“तिसरी मार. तुझ्याआधीच्यांना सापडलंच ना?”

“कोणाला?”

“आम्हाला.”

“तुम्ही कुठून आलात?”

“आम्ही आलो तेव्हा भिंत नव्हती.”

“मग आता?”

“आता उघड आहे.”

खुर्ची मागे घ्यायला जागा राहिली नाही. दाभाड्यांनी पाय वर घेतले.

“अहो, जरा नीट सांगा ना तिला,” हेमांगी म्हणाली.

“ताटात वाढून दिलं की शिकत नाहीत पोरं. मला कोणी सांगितलं होतं?”

“शैलाताईंनी. आख्खी दुपार तुमच्या शेजारी बसून. तुम्ही त्यांच्या डब्यातले पोहेसुद्धा संपवले होते.”

“ती खोली आता नाही,” दाभाडे म्हणाले. ते खरं होतं.

हेमांगी भिंतीपाशी गेली. तिचं वाक्य तयार होतं : डावीकडे, जिथे दार होतं, तिथला चुना अजून कच्चा आहे, तू बाहेरून उकर, मी आतून उकरते. तिने तोंड उघडलं.

“उघड आहे,” ती म्हणाली.

भिंत तिच्या पायाच्या अंगठ्यावर आली. तिला वाटलं, सुरुवात चुकली. आपल्याला हे येत नव्हतं त्या दिवसापासून सुरुवात करायला हवी. तो दिवस तिने खूप शोधला. मग आठवलं की तो तिने उन्हाच्या खोलीत ठेवला होता.

“बरं ताई,” प्रणिता बाहेरून म्हणाली. “मी काय केलंय ते वाचून दाखवते. चुकलं तर सांगा.”

ती वाचू लागली. एकेक ओळ विटांच्या फटीतून आत झिरपली आणि टेबलावर येऊन पडली, ओलीच. दाभाड्यांनी ओळींखालून बोट फिरवलं.

“ओळीच्या शेवटी एक रिकामी जागा राहिली आहे.”

“कोणत्या ओळीच्या, सर?”

“उघड आहे.”

त्यांनी ती रिकामी जागा नखाने उचलली. खोलीत तेवढीच रिकामी जागा उरली होती. त्यांनी ती टिचकी मारून उडवून दिली. छत हेमांगीच्या केसांना टेकलं.

“बाकीचं बरोबर आहे का?” प्रणिताने विचारलं.

“बाकीचं मी पाहिलेलं नाही. असं आणलं तर पाहत नाही आम्ही.”

“चालेल सर. पुन्हा आणते.”

बाहेर दुसरी एक मुलगी तिला म्हणाली, “चल गं, इथं कोणी नाय. घर बंद हाय.”

“नाय, हायेत. दोघं बोलतेत.”

“कुठं बोलतेत? एकच तर म्हणतेत सारखं. आमच्या घरचा पोपट बरा, त्याला तीन गोष्टी येतात.”

दुसरी हसली आणि तिच्या चपलांचा आवाज लांब गेला. प्रणिता गेली नाही. ती पुन्हा आली, परत पाठवली गेली, पुन्हा आली. दर खेपेला दुरुस्ती अधिक चोख असायची आणि आवाज अधिक बारीक. आधी त्यातला नमस्कार गळला. मग हिंगोली गळली. मग तिचं नाव. शेवटी नुसतं “ताई?” एवढंच आत यायचं, आणि तेही ऐकण्यासाठी हेमांगीला श्वास रोखावा लागायचा.

“आयुष्यभर फुकट राबलो,” दाभाडे एकदा म्हणाले. “नवीन कोणी येतच नाही.” ते उठले आणि गेले. त्यांचा कोपराही गेला, आणि खुर्ची, आणि टेबल. टेबलावरच्या ओळी प्रणिताच्या होत्या, त्याही गेल्या.

आता पुढची भिंत हेमांगीच्या छातीला लागली होती आणि मागची पाठीला. प्रोग्राम तिने कडेवर घेतला होता. तो फार हलका झाला होता. त्याचे सांधे सुटत होते : क्ष मधून ष निसटला, त्र मधून र घरंगळला. तिने हाक मारली, पण प ला र लागेना.

“प… रणिता,” ती म्हणाली. “प… रणिता.”

तिच्या तोंडातलं एकही जोडाक्षर जुळत नव्हतं. ‘उघड आहे’ मध्ये जोडाक्षर नाही. तेवढं मात्र जिभेवर अखंड येऊन बसलं होतं. तिने दात घट्ट मिटले.

बाहेर काहीच ऐकू येत नव्हतं.

तिने केसातला आकडा काढला आणि तोंडासमोरची वीट उकरायला घेतली. चुना खरंच कच्चा होता. तो पिठासारखा गळत राहिला, तिच्या पदरावर, प्रोग्रामवर. आकडा मऊ कशाला तरी लागला. तिने बोटांनी चुना झटकला.

तो कान होता. भिंतीला बाहेरून किती दिवस लावून ठेवलेला होता कोण जाणे. विटा त्याच्या भोवतीने सरकत आल्या होत्या आणि त्याला सोबत घेऊन आल्या होत्या. नुकताच टोचलेला असावा. भोकात कडुनिंबाची काडी होती. कान गार होता, पण थंडगार नव्हता.

हेमांगीने ओठ त्याला टेकवले. जोडाक्षर नसलेले शब्द तिने एकेक करून निवडले.

“हा र,” ती म्हणाली. “हा य. आधी र. र चा पाय मोडायचा, मग य आणायचा. तू केलंस ते बरोबर होतं. मी सगळं सांगते. पहिली ओळ अशी…”

तिने पहिली ओळ सांगितली. मग दुसरी, आणि ती तशी का, तेही. काडी हलत होती. तिच्या बोलण्याच्या वाऱ्याने हलत असावी. सांगताना तिला उन्हाची ऊब आठवली, आणि पोह्यांवरचं खोबरं. पाठीमागची भिंत तिच्या मानेला लागली. कानाच्या पाळीवर चुना पांढरा चढत होता, कडेकडेने, आत.

“समजलं? आता तू विचार,” हेमांगी म्हणाली. “काहीही विचार.”

मान वळवण्यापुरती जागा होती. तिने ती वळवली आणि आपला कान त्या कानाला लावला.