अधिकची खूण

क्षमानं खिलेश्वरीच्या हातातला सर्किट बोर्ड काढून घेतला, उलटा केला आणि सोल्डरिंग आयर्नचं तापलेलं टोक आळीपाळीनं कथलाच्या दोन्ही टाक्यांवर टेकवलं. कथील वितळून चकाकलं. चिमट्यानं तिनं कपॅसिटर ओढून काढला आणि सगळ्या वर्गाला दिसेल असा उंच धरला.

"इधर देखो सब लोग. यह सफेद पट्टी जिस तरफ है, वह माइनस. लंबा पैर प्लस. बोर्ड पर जहाँ प्लस छपा है, लंबा पैर उसी छेद में जाएगा. इसने उलटा लगाया. ऐसा लगाके बैटरी जोड़ोगे, तो यह गरम होके फूटेगा. और मुँह तुम्हारा इसके ऊपर रहेगा."

बाकी एकतीस मुलींनी माना वर केल्या, कपॅसिटरकडे पाहिलं, मग खिलेश्वरीकडे पाहिलं. एक-दोघी हसल्या. खिलेश्वरी नववीतली, काटकुळी, दोन्ही वेण्या लाल रिबिनीनं वर बांधलेल्या. ती उठून उभी राहिली होती. बसायचं तिला सुचत नव्हतं.

"लाल तार ह त एती ले आथे, मैडम," ती बोर्डाच्या एका कडेकडे बोट दाखवत तिच्या छत्तीसगढीत हळूच म्हणाली. लाल तार इकडून येते, असं तिचं म्हणणं.

"पहले जो छपा है, वह देखना. अपना दिमाग बाद में."

बोलायचं होतं त्यापेक्षा ते जास्त टोचून बोललं गेलं. पण क्षमाचं अर्धं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे होतं. अकरा पस्तीस. बारा वाजता नवा रायपुरातून शिक्षण खात्याचे साहेब येणार होते. अभनपुरच्या या सरकारी कन्याशाळेत बत्तीस मुलींनी आपल्या हातानं जोडलेल्या बत्तीस मैना त्यांच्यासमोर एकदम बोलायच्या होत्या. मैनेच्या आकाराचा हिरवा बोर्ड, डोळ्यांच्या जागी दोन लाल दिवे. वरून तळहातानं अंधार केला की दिवे लागायचे आणि मैना चिवचिवायची. साहेबांना पटलं, तर सुट्या भागांची हीच पाकिटं जिल्ह्यातल्या चाळीस शाळांमध्ये जाणार होती. रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या घरी, जेवणाच्या टेबलावर, क्षमानं दोन वर्षं याच दिवसासाठी घालवली होती.

ती खिलेश्वरीच्या बाकावर बसली. कपॅसिटर नीट लावून द्यावा म्हणून तिनं बोर्ड पालथा धरला आणि सवयीनं बॅटरीच्या लाल, म्हणजे अधिकच्या तारेपासून तांब्याच्या रेषेवर नख फिरवत निघाली. नख वळण घेऊन एका छिद्रापाशी थांबलं. तिनं बोर्ड उताणा केला. त्या छिद्राशी काहीच छापलेलं नव्हतं. अधिकची खूण शेजारच्या छिद्राशी होती.

तिनं परत नख फिरवलं. परत तेच.

मुलगी चुकली नव्हती. छापलेलंच चुकलं होतं. बाकी एकतीस जणींनी मॅडमनं सांगितलं तसं, छापलं होतं तिथंच, कपॅसिटर इमानदारीनं उलटे लावले होते.

असं कसं झालं? जुन्या मैनेचा आकार बदलून नवा बोर्ड केला, त्याची पहिली पाटी छापून आली तेव्हा तिनं ती नानांना दिली होती. नाना म्हणजे तिचे सासरे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चौतीस वर्षं काढलेला माणूस. गोंदियाहून नवी सून म्हणून आलेल्या क्षमाच्या हातात पहिल्यांदा सोल्डरिंग आयर्न दिलं ते त्यांनीच. "नाना, हे पूर्ण लावून पाहा, मगच मी बाकीच्या छापायले टाकते," असं ती म्हणाली होती. दुसऱ्या दिवशी आतल्या खोलीतून चिवचिव ऐकू आली, आणि पाठोपाठ नानांचा आवाज: "बोलते वो तुही मैना! एक नंबर!"

ही पाटी बोलली असती का? बॅटरी लावताच कपॅसिटर तापून फुगला असता. मग त्या दिवशी बोललं ते काय?

"चलो, जिसका जिसका हो गया, बैटरी ले जाओ!"

नानांचा आवाज. ते दाराजवळच्या खुर्चीत बसले होते, पांढरा सदरा, मांडीवर बॅटऱ्यांचा खोका. बॅटऱ्या वाटायचं काम त्यांचं होतं. पुढच्या बाकावरची एक गोरी उंच पोट्टी बॅटरी घेऊन जागेवर परतलीसुद्धा होती.

क्षमा धावली. वाटेत एका दप्तरात पाय अडकला, कशीबशी सावरली. ती पोचली तोवर मुलीनं बॅटरी जोडली होती आणि मैना बोलत का नाही हे पाहायला ती बोर्डावर पार ओणवली होती. क्षमानं एका हातानं तिचं कपाळ मागे ढकललं, दुसऱ्या हातानं बॅटरी उपटली. कपॅसिटरला बोट लागलं आणि चटका बसला. त्याचं सपाट डोकं वर फुगून आलं होतं.

"क्या हुआ मैडम?"

"कुछ नहीं. अभी कोई बैटरी नहीं जोड़ेगा. मैं बोलूँगी तब. कोई नहीं!"

फुगलेला बोर्ड मुठीत लपवून ती नानांपाशी गेली, त्यांच्या मांडीवरचा खोका उचलून तिनं खाली ठेवला आणि त्यांच्या खुर्चीशी वाकली. कोणाला वाटावं, सासऱ्यांना पाणी विचारते आहे.

"नाना, नवी मैना तुम्ही लावून पाहिली होती नं?"

"पाहिली नं. काहून?"

तिनं बोर्ड त्यांच्या हातात दिला. "मंग अधिकची खूण कुठं आहे, दाखवा मले."

नानांनी बोर्ड डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला, मग मान तिरपी करून डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. अंगठा बोर्डावरून हळूहळू फिरत राहिला. खुणेवरूनही गेला, पण थांबला नाही.

"अक्षरं लई बारीक छापली तू," ते म्हणाले.

सहा महिन्यांपासून नाना सदर बाजारात एकटे जात नव्हते. गाड्याच गाड्या, म्हाताऱ्या माणसानं जावं कसं, म्हणायचे. सकाळचा पेपर तिला स्वयंपाक करता करता वाचायला लावायचे. या सगळ्याचा तिनं म्हातारपणीचे लाड असा अर्थ लावला होता.

"जुनीच वाजवली होती तुम्ही," ती म्हणाली.

नानांनी बोर्ड तिच्या हातात परत ठेवला. त्यांचा चेहरा दाराकडे होता, बाहेरच्या उजेडाकडे.

"दोन दिवस बसलो होतो घेऊन," ते म्हणाले. "मधातलं दिसतच नाही आता. कडेकडेचं दिसते." मग आवाज आणखी खाली आणून, घाईघाईनं, "आयक. तो कंडेन्सर नसला तरी मैना बोलते. थोडी घोगरी बोलन, पण बोलन. कटर घे अन् सगळ्यांचे कापून टाक. पाच मिनिटांचं काम. म्हण, जास्तीचा होता. कोणाले समजत नाही." कपॅसिटरला ते अजून कंडेन्सरच म्हणायचे.

खरं होतं ते. डोळे गेले असले तरी डोकं जागेवर होतं. अकरा बेचाळीस झाले होते. एकतीस कपॅसिटर, प्रत्येकाला दोन पाय, प्रत्येक पायाला एक कट. साहेब यायच्या आत होऊन जाईल. मैना बोलतील, फोटो निघतील, नानांना शाल घातली जाईल. शाल आणि श्रीफळ मुख्याध्यापिका सरोजिनी मॅडमनी टेबलावर आणूनही ठेवलं होतं.

क्षमानं कटर उचललं.

"यह वाला पार्ट एक्स्ट्रा है," पहिल्या बाकाशी ती म्हणाली. "निकाल देते हैं." कट. कट. कपॅसिटर टेबलावर पडून गडगडला. मुलीनं मान डोलावली. कुणी काही विचारलं नाही. दुसरा बाक. कट. कट. हात सराईतपणे चालला होता, फक्त चटका बसलेलं बोट ठणकत होतं.

तिसरा बाक खिलेश्वरीचा. तिच्या बोर्डावर कापायला काही नव्हतं. तिचा कपॅसिटर आधीच उपटलेला, वाकड्या पायांनी शेजारी पडला होता. ती मान खाली घालून वहीत काहीतरी खोडत होती. क्षमानं वाकून पाहिलं. पानावर पेन्सिलीनं काढलेली मैना होती, प्रत्येक भागासह, आणि बॅटरीच्या तारेपासून कपॅसिटरपर्यंत लाल पेनानं ओढलेली एक रेष. रेष अगदी बरोबर होती. जिथं ती पोचत होती तिथलं अधिकचं चिन्ह खिलेश्वरीनं खोडरबरानं घासून घासून पुसलं होतं, कागदाचा पापुद्रा निघेस्तोवर, आणि आता ती ते दुसऱ्या बाजूला काढत होती.

"यह क्या कर रही है?"

"सुधारत हंव, मैडम." तिनं वर पाहिलं नाही. "आप मन बताए हव तइसे." मॅडमनी सांगितलं होतं तसं.

क्षमा तशीच उभी राहिली. दारापाशी नाना खुर्चीत ताठ बसून कटरच्या आवाजाकडे कान लावून होते. आवाज थांबला तशी त्यांची मान इकडे वळली.

तिनं कटर खिशात टाकलं.

"सब लोग आयर्न स्टैंड पर रखो," ती म्हणाली. मग मोठ्यानं, "रखो. सुनो. यह पार्ट एक्स्ट्रा नहीं है. मैंने झूठ बोला. बोर्ड पर प्लस का निशान गलत जगह छपा है. सबका उलटा लगा है. सही एक ही लड़की ने लगाया था, खिलेश्वरी ने. उसने तार देखके लगाया. और वह मैंने सबके सामने निकाल दिया."

एकेक करून आयर्न स्टँडवर गेली.

सरोजिनी मॅडम शालीची घडी हातात घेऊन पुढे आल्या. "अब? साहब तो नवा रायपुर से निकल चुके होंगे. किसी ने जाँचा नहीं था क्या इसको?"

नानांचा हात खुर्चीच्या दांड्यावर आवळला गेला. क्षमाला तो दिसला.

"जाँचना मेरा ही काम था," ती म्हणाली. "मैंने नहीं जाँचा."

मग कामच काम. कथील ओढून घ्यायचे दोनच पंप होते. एक तिनं स्वतः घेतला, दुसरा खिलेश्वरीच्या हातात दिला. मुलगी क्षणभर तो घ्यायला तयार होईना. मग घेतला, आणि शेजारच्या बाकावर जाऊन तापल्या टाक्यावर इतका अलगद टेकवला की पहिल्याच खेपेला छिद्र मोकळं झालं. कथलातल्या राळेचा धूर वर्गात तरंगू लागला. कुणाच्या पाटीवरची तांब्याची रेष उखडली, कुणाचा कपॅसिटर पायातून तुटला. बारा वाजले तेव्हा सात मैना सुधारल्या होत्या, त्यातली एकही अजून तपासलेली नव्हती.

साहेब बारा दहाला आले. दारातच थांबले. मुली उभ्या राहिल्या. क्षमानं काय झालं ते पहिल्यापासून सांगितलं, नाव स्वतःचं घेऊन. साहेब ऐकत होते, अधूनमधून मोबाईलकडे पाहत होते.

"मतलब चला नहीं," ते म्हणाले.

"चलेगा सर. आधा घंटा दीजिए."

"मुझे आगे राजिम निकलना है." त्यांनी धुराकडे, टेबलावर लोळणाऱ्या कपॅसिटरांकडे एकदा पाहिलं. "देखिए मैडम, बच्चों का मामला है. आपने बता दिया, अच्छा किया. लेकिन रिपोर्ट में जो हुआ है, वही लिखना पड़ेगा."

"हव सर," क्षमा म्हणाली.

गाडीचा आवाज फाटकाबाहेर गेला. सरोजिनी मॅडमनी शाल उचलून कपाटात ठेवली आणि ऑफिसात निघून गेल्या. मुली क्षमाच्या तोंडाकडे पाहत उभ्याच होत्या.

"बैठो," ती म्हणाली. "अपना काम अधूरा है."

पुढच्या बाकावर वाकून ती टाके सोडवू लागली. चाळीस शाळा गेल्या, हे मनात एकदा स्पष्ट उमटलं. त्यावर विचार करायला आत्ता सवड नव्हती, याचंच बरं वाटलं. मागे काठीचा टक टक आवाज आला तेव्हाही तिनं मान वळवली नाही. आवाज तिच्याकडे आलाच नाही. तो तिसऱ्या बाकाशी थांबला.

"बेटी, इधर बैठूँ?" नाना विचारत होते.

खिलेश्वरीनं स्टूल पुढे केलं. नानांनी चाचपून बसायची जागा घेतली, काठी मांडीला टेकवली आणि शिल्लक राहिलेलं एक पाकीट टेबलावर ओतलं.

"यह जाँचने के लिए बहू ने मुझको दिया था," ते म्हणाले. आवाज हळू नव्हता. आजूबाजूच्या चार बाकांना ऐकू जाईल असाच होता. "मैंने बनाया ही नहीं. बोल दिया कि बनाया. मेरे को दिखता नहीं है, बेटी. घर में भी किसी को बताया नहीं था."

क्षमाच्या हातातला पंप थांबला.

"अब बनाते हैं. तू रंग बोल, लगाऊँगा मैं." त्यांनी दोन बोटांत रंगीत पट्ट्यांचा एक रेझिस्टर धरला. "पहली पट्टी?"

"भूरा."

"दूसरी?"

"करिया. तीसर ह लाल, दादाजी."

"हजार ओम," तपकिरी, काळा, लाल हे रंग जुळवून नाना ताबडतोब म्हणाले, आणि खूप दिवसांनी त्यांचा आवाज एक्स्चेंजमधल्या माणसासारखा आला. त्यांनी रेझिस्टरचे पाय वाकवले, छिद्रं नखानं शोधली, पाय आत सरकवले. मग सोल्डरिंग आयर्नसाठी हात पुढे केला.

हात चुकला. तो मुठीकडे जायच्या ऐवजी तापलेल्या टोकाच्या दिशेनं निघाला होता. क्षमा पंप टाकून धावलीच होती, एवढ्यात खिलेश्वरीनं आयर्नचं स्टँड अर्धवट फिरवलं. मूठ बरोबर नानांच्या तळहाताखाली आली. त्यांनी ती धरली.

क्षमा दोन बाकांच्या मधे उभी राहिली. मग तिनं आपला पंप उचलला आणि समोरच्या मुलीला म्हणाली, "चल, तेरा दिखा."