हळद खोटं बोलत नाही

असोद्याच्या मारुतीच्या पारावर गाव दाटीनं जमलं होतं. पितांबर आबांचा नातू आठवडाभर तापानं फणफणत होता आणि तो ताप कुणी लावला, हे सांगायला धुळ्याकडचा तोताराम भगत आला होता. त्याच्या परातीत हळदीचं पाणी होतं. एकेक बाई त्यात हात बुडवी, पिवळा हात बाहेर काढी आणि सुटकेचा श्वास टाकी. सुगंधाबाईचा हात मात्र लाल निघाला.

"बठ्ठासनी देखं ना?" भगत गरजला. "डाकीणना हात लाल व्हस. मनी हळद खोटं बोलस नही."

सुगंधाबाई विधवा, घरोघर पापड लाटून पोट भरणारी. तिनं दिवस मावळायच्या आत गाव सोडावं, हे ठरायला पान खायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. ती नुसती आपल्या हाताकडे बघत राहिली.

कोकिळाच्या अंगाचा तिळपापड झाला. लहानपणी आई शेतात गेली की तिला भाकर भरवायची ती हीच सुगंधाबाई. जळगावच्या कॉलेजात अकरावीला कोकिळानं तर्कशास्त्र घेतलं तेव्हा गाव हसलं होतं. पोरगी भांडायचं शिकायला एसटीनं जाते म्हणे. आता ती थेट परातीपाशी जाऊन उभी राहिली.

"आबा, पाऊस पडला का अंगण ओलं व्हतं ना?"

"व्हय," पितांबर आबा म्हणाले.

"मंग अंगण ओलं दिसलं म्हंजे पाऊसच पडला का?"

"काहून? कोनी सडा टाकला असंन."

"तसंच या हाताचं. डाकिणीचा हात लाल व्हतो, हे घटकाभर खरं धरू. तरी लाल हात दिसला म्हंजे डाकीणच, हे कुठून आलं? दुसरं कारण कोनी पाह्यलं?"

"देवसंगे वाद घालू नको, पोरी," भगत म्हणाला. "तुनाबी हात लाल व्हई."

"व्हऊ द्या. पन बायाइचेच हात काहून? आबा, पयले तुमी बुडवा."

आबा हसले. मळलेली तंबाखू त्यांनी तोंडात टाकली आणि डावा तळवा परातीत बुडवला. तो सुगंधाबाईच्या हातापेक्षाही लाल निघाला. मग शेजारी तंबाखू मळत बसलेल्या त्यांच्या गड्यानं, भाईदासनं, भीत भीत हात घातला, त्याचाही लाल.

"तुमी चुन्यानं तंबाखू मळता," कोकिळा म्हणाली. "सुगंधाकाकूनं सकायपासून पापडखार घालून पीठ मळलं. नखात अजून पीठ हाये तिच्या. हळदीचा डाग साबणानं लाल व्हतो, हे कोन्या बाईले माहीत नाही? चुना, खार, साबण, बठ्ठ्याइचं तेच. बाकी बायाइले यानं नुसत्या पान्यानं हात धुवाले लावून बोलावलं. हिलेच तशीच पापडाच्या पाटावरून काहून उठवली, विचारा याले."

भगत झोळी आवरू लागला. आबांनी तळवा धोतराला पुसला, पण रंग काही जाईना.

"आबा," सुगंधाबाई पहिल्यांदाच बोलली, "मंग तुमी गाव कवा सोडता?"

आबांनी मान खाली घातली. मग ते भाईदासला म्हणाले, "गाडी जुंप. पोराले जळगावले डाक्टरकडे नेऊ."

हळद खोटं बोलत नाही, हे खरंच आहे. खोटं बोलतो तो परात घेऊन बसलेला. कुणी असा पुरावा नाचवला, तर एवढंच विचारा की याला दुसरं कारण असू शकतं का. विचारायची लाज वाटत असेल, तर उद्या परातीत बुडणारा हात तुमच्या घरातलाही असेल.