भिंतीवरच्या दोन रेघा

दाजींना जाऊन दोन वर्षं होत आली आणि मला अजून रडू आलेलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी वाट बघत बसायला नको. शिव्या मात्र भरपूर दिल्या. समोरून अप्पर मारत येणाऱ्या प्रत्येक गाडीला दिल्या, रोज, दात घासावेत तशा. त्यातही जीव नसायचा.

मी गाड्यांचा वायरमन. बॅटरी, हॉर्न, दिवे, सगळं बघतो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे, यजमान. कामावरून सायकलने घरी येत होते. दिवेलागणीची वेळ, धड उजेड नाही, धड अंधार नाही. कालव्याच्या वळणावर एका टेम्पोने त्यांना मागून उडवलं. टेम्पोवाला पळाला नाही. त्यानेच त्यांना उचलून दवाखान्यात नेलं, दाजींच्या खिशातल्या फोनमधून नंबर काढून स्वतःच्या फोनवरून ताईला त्यानेच कळवलं. पोलिसांना, कोर्टात, आम्हाला, त्याने शेवटपर्यंत एकच सांगितलं: समोरून गाडी आली, तिचे दिवे थेट डोळ्यांत आले, सगळं पांढरं झालं, सायकल दिसलीच नाही.

ती समोरची गाडी कुणाची ते कधी कळलं नाही. ती थांबली नाही. कशाला थांबेल? तिने कुणाला धक्का थोडाच मारला होता!

मी टेम्पोवाल्याचं अर्धंमुर्धं खरं मानलं. ताईने नाही. "दिसलं नाही म्हणे! एवढा सहा फुटी माणूस, मागे लाल पत्रा लावलेली सायकल, आणि दिसलं नाही? खोटारडा मेला." एवढंच बोलली, आणि मग तो विषय तिने मिटवून टाकला. रडली तीही नाही. आमच्या घरात बहुतेक ते खातंच बंद आहे.

तिला घरात करमेना, म्हणून मी म्हटलं, दर रविवारी दिव्यांचा फोकस फुकट लावून देऊ. येईल त्याला. तेवढेच चार लोक आंधळे व्हायचे वाचतील. ताई दाराशी टेबल टाकून बसायची आणि वहीत गाडीचा नंबर आणि मालकाचा फोन लिहायची.

काम साधं आहे. दुकानाच्या मागच्या भिंतीवर मी बारा वर्षांपूर्वी माप घेऊन दोन रेघा मारल्यात. खालची छोट्या गाड्यांची, वरची मोठ्यांची. गाडी भिंतीकडे तोंड करून ठरलेल्या जागी उभी करायची, डिपर, म्हणजे दिव्यांचा खालचा झोत, लावायचा आणि उजेडाची वरची कड रेघेवर बसेपर्यंत दिव्यामागचा स्क्रू फिरवायचा. लोक म्हणत, थोडा वर ठेवा ना, लांबचं दिसेल. मी म्हणायचो, तुला लांबचं दिसेल आणि समोरच्याला यमदूत दिसेल, गप्प बस. रेघ म्हणजे रेघ. केसभरसुद्धा इकडेतिकडे नाही.

गेल्या रविवारी सकाळीच तो टेम्पोवाला आला. वर्षभर जप्त असलेलं लायसन्स त्याला नुकतंच परत मिळालं होतं. टेम्पो बाहेर लावून टोपी हातात धरून उभा राहिला.

"दिवे तपासून घ्यायचे होते," तो म्हणाला.

ताईने वही मिटली. "याचा नंबर मी लिहिणार नाही."

"ताई, मला खरंच दिसलं नव्हतं हो."

"छोट्या, पुढची गाडी घे आत," ताई मला म्हणाली. पन्नाशी उलटली तरी मी छोट्याच. टेम्पोवाला "बरं" म्हणाला आणि गेला. मी पुढची गाडी आत घेतली. वाईट वाटायला हवं होतं, एवढं कळत होतं.

दुपारनंतर शाळेची व्हॅन चालवणारे काका आले. माणूस तोंडाचा फटकळ. "काय रे, तू फोकस लावल्यापासून समोरून येणारा जो तो मला अप्पर-डिपर मारून सलाम ठोकतोय. मी काय मंत्री झालो का?"

"नाचता येईना, अंगण वाकडं," मी म्हटलं. "तुम्हीच अप्परवर चालवत असाल."

"अरे, डिपरवर! देवाशपथ!"

मी व्हॅन आत घेतली. कड रेघेवर, बरोब्बर. "हे बघा," म्हटलं, "डोळे तपासून घ्या." काका पुटपुटत व्हॅन घेऊन गेले. मी खाली बसून सामान आवरत होतो तो उठलो आणि हातातला काळ्या टेपचा रोल सुटला. कडेवर पडला, गडगडत गेला आणि भिंतीला लागून आडवा झाला.

आता हा रोल दिवसातून दहादा माझ्या हातून पडतो आणि दहादा भिंतीपाशीच सापडतो. दोन वर्षं मी तो तिथून उचलतोय, वर "म्हातारा झालो" असं म्हणतोय. त्या दिवशी उचलला नाही. बघत राहिलो.

गाड्या धुतल्या की पाणी दाराशी साचायचं, म्हणून मी फरशी उखडून नवीन करून घेतली होती. गवंड्याने उतार मागच्या भिंतीकडे दिला आणि भिंतीच्या पायाशी नाली काढली. छान काम केलं होतं त्याने. पाणी एक थेंब राहत नाही. रेघा मात्र जुन्याच राहिल्या.

पारदर्शक नळी घेतली, पाणी भरलं, दोन टोकांना धरून माप काढलं. गाडीच्या लांबीत तीन इंच उतार. परत मोजलं. तीनच.

गप्प बसता आलं असतं. फरशी दुरुस्त करून घेतली असती तर कशासाठी ते गवंड्यालासुद्धा कळलं नसतं. ताई तर तशीही खाली बघत वही लिहीत होती. पण तोंड आपणहून उघडलं.

"ताई, फरशी उतरती आहे."

"मग?"

"गाडी इथे नाक खाली घालून उभी राहते. उजेड रेघेच्या खाली पडतो. मी तो वर उचलून रेघेवर आणतो. बाहेर सपाट रस्त्यावर गेली की तोच उजेड समोरच्याच्या डोळ्यांत."

"कुठली गाडी?"

"सगळ्या."

तिने वहीची पानं उलटली, पहिल्यापासून. तीनशे अकरा गाड्या होत्या. मग बोट पानावर ठेवून तिने विचारलं, "फरशी कधी केलीस?"

"दाजी जायच्या आधी चार महिने."

"तेव्हाही फोकस लावत होतास?"

"धंदाच आहे माझा."

"म्हणजे ती समोरची गाडी..." ती थांबली.

"असेल, नसेल. आता कळायला मार्ग नाही."

तिने पेनला टोपण लावलं. "तुझ्या गाडीचे दिवे कुणी लावलेत?"

"मीच. इथेच."

"काढ बाहेर."

दिवेलागणीच झाली होती. दुकानामागचा रस्ता सरळ आणि सपाट आहे. ताई चालत गेली, विजेच्या चौथ्या खांबापाशी माझ्याकडे तोंड करून उभी राहिली आणि हात वर केला. मी डिपर लावला. अप्पर नाही, डिपरच.

उजेड तिच्या चेहऱ्यावर पडला. पायांवर पडायला हवा होता. तिने डोळे मिटले, मग मुद्दाम उघडले आणि उघडेच ठेवले.

"दिसतंय का काही?" मी ओरडलो.

"नाही."

"मी दिसतोय?"

"तू नाही, गाडी नाही, रस्ता नाही. सगळं पांढरं आहे."

"बंद करू?"

"थांब जरा."

ती किती वेळ उभी होती सांगता येणार नाही. मी स्टिअरिंग धरून बसलो होतो. मग ती हाताने चाचपडत रस्त्याच्या कडेने चालत आली. मी दिवे बंद करून पुढे गेलो, हात दिला. तिने तो घेतला, कारण तिला दिसत नव्हतं.

"खरं बोलत होता तो," ती म्हणाली. "दोन वर्षं हेच सांगतोय, छोट्या. आज सकाळीसुद्धा."

तिने फोन काढला. त्याचा नंबर दवाखान्यातून फोन आला त्या दिवसापासून तिच्याकडे होता. अजून धड दिसत नव्हतं, म्हणून डोळ्यांजवळ धरून तिने तो शोधला आणि लावला. दुसऱ्याच घंटेला त्याने उचलला.

"बोला, ताई," तो म्हणाला.

तिने फोन माझ्या हातात दिला.

"तू बोल."